जे खातच नाही ते कमी कसं करायचं? इंदूरच्या एका कॅन्टीनचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण इंदूरचंच आहे, दीडेक वर्षापूर्वीचं. माणसांची नावं काढून टाकलीत, कंपनीचं नाव तर घेणारच नाही. आकडे आमच्या वहीतले आहेत, फक्त गोल केलेत.

वहिनी म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको. लोकमान्य नगरात घरून डब्बे द्यायला सुरुवात केली तेव्हा अकरा डब्बे होते, पोळी-भाजी-वरण-भात आणि शनिवारी साबुदाण्याची खिचडी. मग वाढत वाढत एका आयटी ऑफिसचं कॅन्टीन मिळालं, सोमवार ते शुक्रवार रोज २२० ताटं, वर दोन वेळचा चहा. स्वयंपाकाला एक महाराज, हाताखाली चार पोरं. मी स्वतः नोकरीभर एका दूध संघाच्या लॅबमध्ये फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) काढत बसलो, आता रिटायर आहे, म्हणून वहिनींचा हिशेब बघतो. म्हणजे दुधाचं खाल्लेलं मीठ आहे माझ्या अंगात, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे दुधाबद्दलच वाईट बोलायचं आहे.

कंपनी अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीची पिल्लू कंपनी. कंत्राट दरवर्षी रिन्यू होतं. त्या वर्षी रिन्यूअलच्या तीन महिने आधी एचआरच्या पोरीने (मराठीच आहे, वहिनींना काकू म्हणते) एक एक्सेल शीट पाठवली, वरून आलेली. जगभरातल्या सगळ्या ऑफिसांच्या कॅन्टीनने जेवणाचं कार्बन (म्हणजे अन्न तयार होताना हवेत जाणारे तापवणारे वायू, सगळे कार्बन डायऑक्साइडच्या मापात) कमी करायचं, आणि ते किती कमी केलं ते दर तिमाहीला या शीटमध्ये भरायचं.

अडचण काय झाली

शीटमधली पहिलीच ओळ होती, आठवड्याला बीफचे सर्व्हिंग किती. दुसरी ओळ, मागच्या वर्षी किती होते. तिसरी, किती टक्के कमी झाले.

वहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे काय पाठवलंय बघा बरं, मला तर वाचूनच कसंतरी झालं." मी गेलो. म्हटलं शून्य लिहा, मागच्या वर्षीही शून्य लिहा, संपलं. मध्य प्रदेशात गोवंश हत्येला कायद्यानेच बंदी आहे आणि वहिनींच्या किचनमध्ये कांदा-लसणाचीसुद्धा चातुर्मासात वेगळी कढई असते. लिहिलं शून्य, आणि शीटने तिसऱ्या ओळीत शून्य टक्के सुधारणा दाखवून आख्खी ओळ लाल केली. शून्यातून शून्य गेलं तर शून्यच राहणार, त्या बिचाऱ्या शीटचा तरी काय दोष. पण वरच्या लोकांना दिसणार काय, तर इंदूर ऑफिसने काहीच केलं नाही.

ऑफिसात यावर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे आपण तर जन्मापासून ग्रीन आहोत, बीफ खाणाऱ्यांनी आपल्याला शिकवू नये. दुसरी म्हणे हे बीफचं सगळं थोतांड आहे, खरं प्रदूषण गाड्यांचं आणि कोळशाचं. एचआरची पोरगी दोघांच्या मध्ये सापडली, आणि एक दिवस चहा घेता घेता मला विचारलं, "काका, खरं सांगा, त्यांनी तिकडे बीफ कमी केलं तर खरंच काही फरक पडतो का?"

आधी तिला दिलेलं उत्तर

पडतो, आणि चांगला पडतो. हे मी धर्माच्या बाजूने सांगत नाही, पोटाच्या बाजूने सांगतोय, म्हणजे गाईच्या पोटाच्या. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात जंतू असतात, ते गवत-भुसा आंबवतात म्हणून तर जनावराला आपल्याला न पचणारं पचतं, पण त्या आंबवण्यात मिथेन तयार होतो आणि तो मुख्यतः ढेकरेतून बाहेर पडतो. (लोकांना वाटतं मागून. नाही, पुढून.) मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात ऐंशी पट. त्यात एक बरं असं की हवेत तो साधारण बारा वर्षं टिकतो, म्हणून कमी केला की परिणाम आपल्या हयातीत दिसतो, कोळशाच्या कार्बन डायऑक्साइडसारखा शेकडो वर्षं डोक्यावर बसत नाही.

२०१८ मध्ये ऑक्सफर्डचे जोसेफ पूर आणि स्वित्झर्लंडचे थॉमस नेमेसेक यांनी ११९ देशांतल्या ३८ हजारांवर शेतांची माहिती जोडून ४० खाद्यपदार्थांचा हिशेब मांडला. १०० ग्रॅम प्रोटीन मिळवायला मांसासाठीच पाळलेल्या गुरांचं बीफ घेतलं तर सरासरी ५० किलो कार्बन, शेळ्या-मेंढ्यांचं मटण २०, चीज ११, चिकन सहाच्या आत, आणि डाळी-कडधान्य एक किलोच्या आत. पन्नास आणि एक. यात जंगलतोडही धरलेली आहे, अॅमेझॉनमध्ये जंगल साफ होतं त्याचं सगळ्यात मोठं कारण गुरांची कुरणंच आहेत. त्याच अभ्यासात असंही आहे की जगाने मांस-दूध पूर्ण सोडलं तर शेतीखालच्या जमिनीपैकी तीन चतुर्थांश जमीन मोकळी होईल. सोडणार कोणीच नाही, पण केवढी जमीन त्यात अडकलीय ते कळतं.

म्हणून तिला म्हटलं, तिकडे टेक्सासमध्ये कोणी आठवड्याला चार बर्गर खात असेल आणि त्यातले तीन चिकनचे किंवा राजम्याचे केले, तर त्या एका माणसाच्या जेवणाचं कार्बन धाडकन खाली येतं, आंबा गावचा आहे की परगावचा असल्या गोष्टींनी येतं त्याच्या कितीतरी पट. (वाहतुकीचा वाटा जेवणाच्या एकूण कार्बनमध्ये साधारण सहा टक्केच आहे, हे मलाही आधी पटत नव्हतं.) मात्र बीफ सोडून त्याने जागोजागी चीज घातलं तर त्यातला काही फायदा तिथेच गेला. आणि कोळशावाल्या पार्टीचंही खोटं नाही, आख्खी जेवणव्यवस्था मिळून जगाच्या उत्सर्जनाचा साधारण चौथा हिस्सा, बाकीचा मोठा भाग वीज-कारखाने-गाड्या. पण चौथा हिस्सा म्हणजे काय चिल्लर आहे का?

हे सगळं सांगून झालं आणि पोरगी म्हणाली, "म्हणजे चीज वाईट, तर मग पनीर?"

तिथे माझी बोलती बंद झाली. चाळीस वर्षं दूध तपासलं पण ते कधी या तराजूत घातलं नव्हतं.

वहीतला हिशेब

पनीर त्या अभ्यासात वेगळं नाही, पण दूध आहे, किलोला साधारण ३.२ किलो कार्बन. म्हशीच्या चांगल्या दुधाचं एक किलो पनीर व्हायला पाच लिटर लागतं, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. म्हणजे पनीर किलोला १६. मग आम्ही रविवारी दुपारी वहिनींच्या डायनिंग टेबलवर खरेदीच्या पावत्या पसरून बसलो.

पनीर आठवड्यातून चार दिवस होतं. मटर पनीर, शाही पनीर, पालक पनीर आणि गुरुवारी पुलावात. ताटाला साठ ग्रॅम. २२० ताटं म्हणजे रोजचे तेरा किलो, आठवड्याचे ५२ किलो, त्याचे झाले ८३२ किलो कार्बन. मटण फक्त बुधवारी आणि फक्त पन्नासेक लोक खायचे, सहा किलो, किलोला ४० धरले तर २४०. शुक्रवारचं चिकन आठ किलो, त्याचे ८०. तांदूळ आठवड्याचा ७७ किलो, भाताच्या खाचरातल्या साचल्या पाण्यातूनही मिथेन निघतो त्यामुळे किलोला साडेचार, झाले ३४६. डाळी सगळ्या मिळून सत्तरच्या आत. आणि चहा! चहाला कोणी हिशेबात धरत नाही, पण दोन वेळचा कप, कपाला साठ मिली दूध, आठवड्याला १३२ लिटर, म्हणजे ४२२ किलो. मटणापेक्षा जास्त चहाच.

एकूण आठवड्याला दोन टनाच्या आसपास. त्यातलं पनीर आणि चहाचं दूधच साठ टक्क्यांच्या वर. तूप आम्ही धरलंच नाही, कारण महिन्यातून एकदा दाल-बाफले (बाफला म्हणजे उकडून भाजलेली बाटी) होतात आणि बाफला तुपात बुडवताना महाराज वजन करत नाहीत.

वहिनी बराच वेळ वहीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपलं बीफ हेच की."

अगदी तेच नाही. एक तर हे जगाच्या सरासरीचे आकडे, आपल्याकडच्या म्हशीचा हिशेब वेगळा आहे, दोन्हीकडून वेगळा. इंदूरजवळ सांवेरकडे आमचे एक नातेवाईक आहेत, चार म्हशी, ते ऐकून भडकलेच, "आमची म्हैस गव्हाचा भुसा खाते, सोयाबीनची खली (पेंड) खाते, माणसाच्या तोंडचं काय खाते सांग." बरोबर आहे, अमेरिकेसारखी मक्याची रानंच्या रानं तिच्यासाठी पेरत नाहीत, कुरणासाठी जंगल तोडत नाहीत. पण भुश्यासारख्या हलक्या चाऱ्यावर दूध कमी निघतं आणि ढेकर तेवढीच, म्हणून लिटरमागे मिथेन आपल्याकडे उलट जास्त पडतो. आणि जनावरं किती? २०१९ च्या पशुगणनेत देशात गाई-बैल १९ कोटींवर, म्हशी अकरा कोटींच्या आसपास. दूध आपण जगात सगळ्यात जास्त काढतो, २०२३-२४ मध्ये जवळजवळ २४ कोटी टन. देशाच्या शेतीतून जे काही उत्सर्जन होतं त्यात अर्ध्याहून जास्त फक्त जनावरांच्या रवंथाचं. अजून एक गोष्ट आपण बोलत नाही ती म्हणजे आटलेल्या म्हशीचं आणि रेड्याचं पुढे काय होतं. म्हशीचं मांस बाहेर पाठवणाऱ्या मोठ्या देशांत आपण आहोत आणि ते मांस दुधाच्याच गोठ्यातून निघतं. यावर भांडायला मी बसलेलो नाही, पण "आम्ही खातच नाही" म्हणून हात झटकता येत नाहीत एवढं खरं.

पर्याय काय काय होते

सगळ्यात सोपा होता गप्प बसायचा. शून्य लिहायचं, खाली "हे ऑफिस मुख्यतः शाकाहारी आहे" अशी ओळ टाकायची आणि हात धुवायचे. एचआरच्या वरचे साहेब याच मताचे होते. त्यात खोटं काही नव्हतं, पण सुधारणाही काही नव्हती आणि ओळ लालच राहणार होती.

दुसरा, मटण बंद करायचा. ऐकायला छान, आठवड्याला २४० किलो एका फटक्यात. पण पन्नास जणांचं बंद करून बाकीच्यांच्या पनीरला हात न लावणं म्हणजे कोणाच्या ताटाला नियम लावायचा आणि कोणाच्या नाही हे ठरवणं झालं, आणि मटण खाणाऱ्यांमध्ये कोण आहेत, न खाणाऱ्यांमध्ये कोण आहेत हे सगळ्यांना दिसत होतं. वहिनी स्वतः शाकाहारी, तरी त्यांनीच हे आधी ओळखलं, म्हणाल्या हे नको, यात पर्यावरण कमी आणि दुसरंच जास्त दिसेल. मला वाटतं आख्ख्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय तो होता.

तिसरा पर्याय होता उष्टं कमी करायचा. इंदुरात ओला कचरा वेगळा देणं रक्तात भिनलंय, निगमची गाडी येते, आणि देवगुराडियाला २०२२ मध्ये रोजच्या ५५० टन ओल्या कचऱ्याचा गॅस काढायच्या क्षमतेचा प्लांट सुरू झाला, त्यावर शहरातल्या बस चालतात. म्हणून ऑफिसातले लोक म्हणायचे उष्टं गेलं तरी बस चालते ना. अरे पण ताटात टाकलेल्या पनीरचा मिथेन म्हशीच्या तोंडातून केव्हाच हवेत गेला, प्लांटवर पकडतात तो सडण्याचा. गाडीत टाकलं म्हणून पाप फिटलं असं नाही. उष्टं कमी करायचंच होतं, पण रोजचं चौदा-पंधरा किलो होतं, त्याने दोन टनाला फार धक्का बसला नसता.

ऑर्गॅनिक भाजी, पानांच्या पत्रावळी, बांबूचे चमचे हेही पर्याय आले होते, फोटो चांगले येतात म्हणून. ते आम्ही पाच मिनिटांत सोडले.

राहिला पनीर कमी करायचा. सगळ्यात मोठा आकडा तोच, आणि सगळ्यात मोठी आफतही तीच, कारण इंदुरात शाकाहारी माणसाला जेवायला बोलावून पनीर नाही वाढलं तर तो मनात म्हणतो काय कंजूस लोक आहेत.

पहिला प्रयत्न, जो फसला

इथे चूक माझी आहे. मी म्हटलं करायचं तर एकदम करू, एक आठवडा पनीर पूर्ण बंद, जागी सोयाबडी (सोया चंक्स). इंदूर म्हणजे सोयाबीनचं माहेर, देशाची सोयाबीन संशोधन संस्था इथेच आहे, प्रोटीन पनीरच्या अडीच पट, भाव निम्म्याहून कमी. कागदावर यापेक्षा चांगलं काही सापडलं नसतं.

सोमवारी महाराजांनी सोयाबडी गरम पाण्यात भिजवली, पण नीट पिळली नाही. सोयाबडी मिठाच्या गरम पाण्यात टाकून, पिळून, पुन्हा पाणी बदलून पुन्हा पिळावी लागते, दोन-तीनदा, नाहीतर तो कच्चा शेंगेचा वास जात नाही आणि तुकडा चावला की ओल्या स्पंजसारखा पचकतो. २२० ताटांची बडी पिळायला दोन माणसं अर्धा तास लागतात, तेवढी माणसं नव्हती. साडेबाराला पहिली रांग आली आणि एकला परतीच्या टेबलावर बड्यांचा ढीग. त्या दिवशी ओल्या कचऱ्याचा डबा ३१ किलो भरला, रोजच्या दुप्पट.

मंगळवारी थोडं बरं होतं. बुधवारी गेटवरच्या चौकीदाराने मला थांबवलं, "भिया, आज तो मेला लगा है." त्याच्या रजिस्टरात बाहेरून जेवण घेऊन येणाऱ्या पोरांच्या एंट्र्या असतात. एरवी बारा-पंधरा, त्या दिवशी ४१. वरच्या मजल्यावर जाऊन बघितलं तर फॉइलच्या डब्यांत काय होतं? पनीर बटर मसाला, पनीर रोल, पनीर पिझ्झा. म्हणजे पनीर कमी झालंच नाही, फक्त आमच्या वहीतून त्यांच्या फॉइलमध्ये गेलं, वर स्कूटरचं पेट्रोल आणि प्लास्टिक. आमची शीट मात्र त्या आठवड्यात एकदम हिरवीगार होती! तो रजिस्टर बघितला नसता तर आम्ही तोच आकडा वर पाठवून पेढे वाटले असते.

तिथे पुन्हा एक निर्णय घ्यायचा होता. एचआरची पोरगी घाबरलेली, रिन्यूअल दोन महिन्यांवर, ती म्हणाली काकू सगळं आधीसारखं करा. वहिनींनी एक आठवडा मागून घेतला.

दुसरा प्रयत्न

उपाय महाराजांनी सुचवला, आम्ही नाही. महाराज बऱ्हाणपूरकडचे, म्हणाले पातोडी करू. बेसन फोडणीच्या पाण्यात घट्ट शिजवायचं, ताटाला तेल लावून थापायचं, वर खोबरं-कोथिंबीर, थंड झालं की सुरीने चौकोन कापायचे आणि वाढताना तिखट रश्श्यात सोडायचे. "शकल पनीर जैसी, काम दाल का," असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच, ताटात तेवढेच चौकोन, तेवढाच रस्सा, माणसाला काही काढून घेतल्यासारखं वाटत नाही. मी घरी येऊन गणित केलं तर साठ ग्रॅम पनीरमध्ये प्रोटीन साधारण अकरा ग्रॅम, आणि पन्नास ग्रॅम बेसनातही तेवढंच. कार्बन मात्र तिकडे जवळजवळ एक किलो आणि इकडे शंभर ग्रॅमच्या आसपास, तर्रीचं तेल धरून थोडं वर.

मग असं बसवलं की पनीर चारऐवजी दोन दिवस, सोमवार आणि गुरुवार, आणि ताटाला सहा तुकड्यांऐवजी पाच. वहिनींनी स्वतः वजनकाट्यावर दहा-दहा ग्रॅमचे तुकडे कापून पोरांना माप दाखवलं. पाच तुकड्यांबद्दल आजपर्यंत एकानेही तक्रार केली नाही, म्हणजे सहावा तुकडा आम्ही इतकी वर्षं कोणासाठी घालत होतो देव जाणे. पनीर गेलेल्या एका दिवशी पातोडी, दुसऱ्या दिवशी शेव-टमाटर, जे इंदुरी माणूस नाही म्हणूच शकत नाही, शेव म्हणजे पण बेसनच. सोयाबडी पंधरा दिवसांतून एकदा, खिमा करून मटारबरोबर, नीट पिळून. मटण दर बुधवारऐवजी एकाआड एक बुधवारी, मधल्या बुधवारी चिकन, आणि हे मटण खाणाऱ्या लोकांना आधी विचारून केलं, त्यांच्यातल्याच एकाने महिन्याचा तक्ता करून दिला. दही-ताकाला हात लावला नाही, कारण शाकाहारी माणसाला बी-१२ दुसरीकडून सहज मिळत नाही, आणि दूध पूर्ण बंद करा असं मी माझ्या तोंडाने तरी सांगणार नाही.

बोर्डवर काहीही लिहिलं नाही. ग्रीन मेनू, पृथ्वी वाचवा, हिरवं पान, काही नाही. नुसतं "आज पातोडी रस्सा".

निकाल

रिन्यूअलच्या आधी पुन्हा पावत्या पसरल्या. पनीर आठवड्याला ५२ किलोवरून २२ किलोवर आलं. मटणाची सरासरी निम्मी. बदल्यात बेसन, सोया आणि थोडं चिकन वाढलं ते वजा केलं तर आठवड्याला साधारण ५४० किलो कार्बन कमी, म्हणजे एकूणाच्या चौथाईपेक्षा थोडं जास्त. उष्टं बारा किलोवर आलं. चौकीदाराच्या रजिस्टरात सतरा-अठराच्या एंट्र्या येतात, आधीपेक्षा थोड्या जास्तच आहेत, तेवढी गळती मान्य करावी लागेल.

यामुळे सांवेरची एखादी म्हैस कमी ढेकर देणार आहे का, असं भावाने विचारलं. लगेच नाही. तीस किलो पनीर आम्ही नाही घेतलं तर डेअरीवाला दुसऱ्याला विकेल. बऱ्याच जणांनी बराच काळ कमी घेतलं तर गोठ्यात पुढची म्हैस बांधताना माणूस विचार करेल, बीफचंही गणित असंच चालतं, एका माणसाने बर्गर सोडला म्हणून एक गाय वाचत नाही. आमचे ५४० किलो कागदावरचे आहेत, पण कागदावर तरी खरे आहेत.

शीटचं काय झालं, तर तिच्यात दुधाचा कॉलमच नव्हता. पोरीने वर तीन मेल केले, शेवटी "इतर" नावाच्या ओळीत भरायची परवानगी मिळाली. त्या ओळीला मार्क निम्मे. बीफची ओळ अजूनही लालच येते.

कंत्राट रिन्यू झालं, पण गंमत बघा, कशामुळे झालं? पनीर कमी झाल्याने ताटामागे सहा-सात रुपये वाचत होते, तेव्हा पनीर ३६० च्या भावाने येत होतं. आम्ही शीटबरोबर पावत्याही दाखवल्या होत्या, प्रामाणिकपणे, तर खरेदी विभागाने ते वाचलेले रुपये ताटाच्या दरातून कापून मागितले. वहिनींना पाच रुपये कमी करावे लागले. महाराजांना आणि पोरांना पिळण्याचं, थापण्याचं, कापण्याचं काम वाढलं, त्याचे पैसे मात्र कोणत्याच कॉलममध्ये बसेनात.

आता पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवसापासून चौकीदाराचं रजिस्टर वहीत धरलं असतं. बाहेरून काय येतंय ते न बघता आतलं किती कमी झालं हे मोजणं म्हणजे फॅट काढताना दुधात पाणी किती ते न बघण्यासारखं, आणि ही चूक मी करावी याची मला जास्त लाज वाटते.

सोयाबडी एकदम २२० ताटांना न घालता आधी वीस ताटांना घालून बघायला हवी होती, महाराजांना विचारून. मी त्यांना सांगायला गेलो, विचारायला नाही. पातोडी त्यांच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून असणार.

पैशाचं बोलणं आधी करायला हवं होतं. वाचलेल्यातले निम्मे पैसे मजुरीला जातील हे रिन्यूअलच्या आधी लिहून घेतलं असतं तर वहिनींचा दर तुटला नसता. एचआरची पोरगी म्हणते तेव्हा सहज मान्य झालं असतं, आता नाही होत.

आणि मटणाचा तक्ता त्या मुलाने केला तसा पनीरचाही खाणाऱ्यांनीच केला असता का, हे मला अजून कळलेलं नाही. वहिनी म्हणतात पनीर खाणाऱ्यांना विचारलं असतं तर आठवड्याचे पाचही दिवस पनीर झालं असतं.

चहाच्या १३२ लिटरचा विषय पुढच्या तिमाहीत घ्यायचा असं आमचं ठरलंय. दोन आकाराचे कप ठेवून बघू, साठ मिलीच्या जागी चाळीस, कोणाला हवा तर दुसरा घेईल. कप मागवलेत, पण महाराजांना अजून सांगितलेलं नाही, या वेळी सांगायच्या ऐवजी विचारायला जायचंय, आणि ते स्वतः दिवसाला आठ कप पितात.